स्वेच्छा किती दिवसांची?

या जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी हिंजवडीतल्या एका कंपनीने माझ्या पुतण्याला आणि त्याच्या विभागातल्या इतर काही जणांना एक पत्र पाठवले. कंपनीची पुनर्रचना चालू आहे, काही पदे कमी होणार आहेत आणि त्याआधी ज्यांना स्वेच्छेने बाहेर पडायचे असेल त्यांच्यासाठी एक विशेष योजना आणली आहे, असा पत्राचा मजकूर होता. खाली ठळक अक्षरांत 18 लाख रुपयांचा आकडा होता आणि त्याच्याखाली होकार कळवण्याची मुदत होती: सोमवार, सायंकाळी पाच. म्हणजे शनिवार-रविवार धरून चार दिवस. पुतण्याचे वय 41, त्या कंपनीतली नोकरी 14 वर्षांची, वाकडच्या घराचे कर्ज अजून 11 वर्षांचे. त्याने फोनवर एवढेच विचारले, "काका, घेऊ की नको?"

मी त्या रात्री त्याला उत्तर दिले नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी 22 वर्षे काढली आणि त्या काळात दोन व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनांचे, फुल अँड फायनल हिशेब माझ्या टेबलावरून गेले. त्या अनुभवाने मला शिकवले ते असे की "घेऊ की नको" हा प्रश्न पहिला नसतोच. आपण त्या पैशांच्या बदल्यात नेमके काय देतो आहोत, हा पहिला प्रश्न असतो. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हे बक्षीस नाही आणि गेलेल्या वर्षांचे ऋणही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ए. के. बिंदल खटल्यात हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले आहे: ही रक्कम केलेल्या कामाबद्दल मिळत नाही, ती कर्मचाऱ्याने नोकरी आणि तिच्याशी जोडलेले सर्व हक्क सोडून जाण्याबद्दल मिळते, आणि एकदा ती स्वीकारली की मागच्या वेतनवाढीच्या वगैरे मागण्या घेऊन परत येता येत नाही. म्हणजे हा सरळ खरेदी-विक्रीचा व्यवहार आहे. कंपनी खरेदीदार आहे आणि कर्मचारी विक्रेता. विक्रेत्याला आपला माल कोणता आणि त्याची किंमत किती हे कळायला पुरेसा वेळ आणि पुरेशी माहिती मिळाली नसेल, तर त्या व्यवहाराला "स्वेच्छा" म्हणणे हे भाषेशीही अप्रामाणिक आहे. पुण्यासारख्या शहरात, जिथे आधी कारखान्यांतून आणि आता माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतून हा व्यवहार पुन्हापुन्हा होतो, तिथे हा वेळ आणि ही माहिती कंपनीच्या मर्जीवर सोडता कामा नये, ती कायद्याने दिली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या 18 लाखांकडे पाहू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. पुतण्याचा एकूण मासिक पगार दीड लाख रुपये, त्यातला मूळ पगार 60 हजार. शुक्रवारी रात्री आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. ग्रॅच्युइटीचे सूत्र जुने आहे: शेवटच्या मूळ पगाराला 15 ने गुणायचे, 26 ने भागायचे आणि आलेल्या आकड्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. त्याप्रमाणे 14 वर्षांचे 4,84,615 रुपये झाले. ही रक्कम तो उद्या स्वतःहून राजीनामा देऊन दुसऱ्या कंपनीत गेला असता तरी त्याला मिळालीच असती. साठलेल्या 45 दिवसांच्या रजेचे 90 हजार, तेही त्याचेच. नियुक्तिपत्राप्रमाणे नोटीस दोन महिन्यांची आहे. कंपनीने त्याला काढले असते तरी ते 3 लाख द्यावेच लागले असते. हे सगळे वजा केल्यावर 18 लाखांतले 9,25,385 रुपये उरले. ठळक अक्षरांत छापलेल्या रकमेतला जवळजवळ अर्धा भाग हा त्याचाच पैसा होता आणि तो त्याला भेट म्हणून दाखवला गेला होता.

पुढची पायरी आणखी महत्त्वाची आहे. कंपनीने त्याला कपात म्हणून काढले असते आणि तो कायद्याच्या व्याख्येत "कामगार" ठरला असता, तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी 15 दिवसांचे सरासरी वेतन नुकसानभरपाई म्हणून देणे कंपनीवर बंधनकारक होते. 14 वर्षांचे ते सात महिन्यांचे वेतन होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. त्यामुळे पुतण्याचे वेतन ढोबळमानाने 60 हजार न राहता 75 हजार होते. त्या हिशेबाने भरपाई 5,25,000 रुपये होते आणि ग्रॅच्युइटीसुद्धा 4,84,615 ऐवजी 6,05,769 रुपये होते. म्हणजे जी ग्रॅच्युइटी पत्रात धरली होती तीच 1,21,154 रुपयांनी कमी होती. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी 15 दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे असते आणि त्या निधीतून ते कामगाराच्या खात्यात जमा होते, तेही कपातीतच मिळते, स्वेच्छेने जाणाऱ्याला नाही. हे सारे उलगडून मांडल्यावर असे दिसले की कायद्याने किमान जे द्यावे लागले असते त्याहून कंपनी जास्त देत होती ती रक्कम अडीच लाखांच्या आसपास होती. त्याच्या घरखर्चाच्या आणि हप्त्याच्या मानाने ते तीन महिनेही पुरले नसते. मुख्य गोष्ट अशी की "घेऊ की नको" हा प्रश्न 18 लाखांचा नव्हताच, तो या अडीच लाखांचा होता, आणि हे त्याला चार दिवसांत कोणी सांगितले नव्हते.

मग कंपनी या वरच्या रकमेत विकत काय घेते? इथे कारखान्यातला कामगार आणि कार्यालयातला अभियंता यांच्यात मोठा फरक आहे, आणि हा फरक न ओळखता दिलेला सल्ला निरुपयोगी असतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना कपात करण्यासाठी किंवा उद्योग बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेणे सक्तीचे केले होते. त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा 300 वर नेली आहे. पण स्वेच्छानिवृत्ती ही जुन्या कायद्यातही आणि नव्या संहितेतही कपातीच्या व्याख्येतून वगळलेली आहे. कामगाराने स्वतःहून सही केली की परवानगी लागत नाही, "शेवटी आला तो आधी जाईल" हा क्रम पाळावा लागत नाही, पुढे भरती झाली तर कपात झालेल्याला प्राधान्य देण्याचा नियमही लागू होत नाही. त्यामुळे चाकणच्या किंवा भोसरीच्या मोठ्या कारखान्यातला कायम कामगार जेव्हा सही करतो, तेव्हा तो मालकाला एक अत्यंत मौल्यवान वस्तू विकत असतो: सरकारच्या दारात न जाण्याची मोकळीक. त्याची किंमत त्याने कसून वसूल केली पाहिजे, आणि ती एकट्याने नव्हे तर संघटनेमार्फत केली पाहिजे, कारण ही वस्तू शंभर जणांनी मिळून विकली तरच तिला भाव येतो.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या अभियंत्याच्या हातात एवढा मौल्यवान माल नसतो. पूर्वपरवानगीची अट कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती आहे. सॉफ्टवेअर कंपनीला ती लागू होत नाही. पण म्हणून त्याच्या हातात काहीच नाही असेही नाही. अनेकांचा असा समज असतो की पगार मोठा म्हणून आपण कामगार नाही. हा समज चुकीचा आहे. पगाराची मर्यादा पर्यवेक्षणाचे काम करणाऱ्यांसाठी आहे आणि नव्या संहितेत ती 18 हजार रुपये आहे. तांत्रिक काम करणाऱ्याला अशी मर्यादा नाही. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष मुख्य काम काय हे न्यायालये पाहतात. ज्याच्या नावापुढे "मॅनेजर" आहे पण जो दिवसभर स्वतः प्रोग्रॅम लिहितो आणि तपासतो, ज्याला कोणाची नेमणूक करण्याचा, रजा मंजूर करण्याचा किंवा कोणाला काढण्याचा अधिकार नाही, तो कामगार असू शकतो. कंपन्यांच्या विधी विभागांना हे ठाऊक असते, आणि म्हणूनच कपातीच्या पत्राऐवजी राजीनामा मागितला जातो. राजीनामा हातात आला की हा सगळा वादच संपतो. कंपनीला अडीच लाखांत हवी असलेली वस्तू हीच होती.

जुलै 2025 मध्ये टीसीएसने आपले सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातही हा प्रश्न उघडपणे चर्चेत आला. पुण्यातून काम करणाऱ्या नाइट्स या माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी सरकारकडे नेल्या आणि कंपनीने ते आरोप नाकारले. त्या वादात कोण बरोबर हे ठरवणे या लेखाचा विषय नाही. पण वाद ज्या शब्दाभोवती फिरला तो शब्द लक्षात घ्यावा: राजीनामा. एकाच कागदाला एक बाजू "स्वेच्छा" म्हणते आणि दुसरी "सक्ती", आणि दोघांपैकी कोण खरे हे तपासण्यासाठी आपल्या कायद्यात कोणतीही मोजपट्टी नाही. करार कायदा 1872 चा आहे. दबावाने किंवा अनुचित प्रभावाने घेतलेली संमती रद्द करून घेता येते हे त्यात आहेच. पण ते सिद्ध करायला न्यायालयात वर्षे जातात, आणि बंद दाराआड, एचआरचे दोन अधिकारी समोर बसलेले असताना काय बोलले गेले याला साक्षीदार नसतो.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याने हे आधी पाहिले आहे. बजाज ऑटोने सप्टेंबर 2007 मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन थांबवले आणि कामगारांसमोर स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग आला. जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यात डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबले; ज्यांनी भरपाई घेतली नाही त्यांचा लढा न्यायालयांत आणि रस्त्यावर पुढची काही वर्षे चालला, आणि ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला तेव्हा नव्या मालकाने आम्हाला सामावून घ्यावे ही त्यांची मागणी होती. दोन्हीकडे घेतलेल्यांपैकी आणि न घेतलेल्यांपैकी कोण शहाणे ठरले, याचे एक उत्तर नाही, आणि असे उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. माझ्या स्वतःच्या टेबलावरून गेलेल्या हिशेबांपैकी जे पुढे नीट उभे राहिले, त्यांच्यात मला एक साम्य दिसले. रक्कम हातात येण्याआधी त्यांना स्वतःच्या पुढच्या पाच वर्षांचे चित्र कागदावर मांडायला वेळ मिळाला होता. ज्यांनी दुसऱ्याच दिवशी, शेजारच्या मशीनवाल्याने केली म्हणून सही केली, त्यांची रक्कम प्राधिकरणातल्या घराचा एक मजला, एक लग्न आणि एका भावाला दिलेले उसने यात दोन वर्षांत संपली. त्या माणसांत अक्कल कमी होती असे मला कधीही वाटले नाही. त्यांना वेळ कमी मिळाला होता.

आणखी एक गोष्ट त्या काळाने दाखवली, आणि ती आजही तितकीच लागू आहे. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि देशभरात सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. पुण्यातल्या अनेक मध्यमवर्गीय घरांना ती योजना आठवत असेल. त्या वेळी मुदत ठेवींवर 9-10 टक्के व्याज मिळत होते आणि कित्येकांनी "पगाराइतके व्याज येईल" असे गणित मांडले. 2003-04 पर्यंत तेच व्याज 5-6 टक्क्यांवर आले. गणितात बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती; पण एक आकडा आयुष्यभर स्थिर राहील असे धरले होते. म्हणून ठोक रकमेकडे व्याजाच्या नजरेने पाहणे मला चुकीचे वाटते. ती महिन्यांत मोजावी. घरखर्च, कर्जाचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधे, हे मिळून महिन्याला जे लागते त्याने करानंतरच्या रकमेला भागावे, आणि आलेला आकडा आपल्या वयाच्या आणि आपल्या कौशल्याच्या माणसाला पुण्यात पुढची नोकरी मिळायला लागणाऱ्या काळाशी ताडून पाहावा. तिशीतल्या माणसाला सहा महिने पुरेसे असू शकतात. पन्नाशीतल्या माणसाला दीड वर्षही कमी पडू शकते, आणि त्याने होकार देण्याआधी अनेकदा विचार करावा, रक्कम कितीही मोठी दिसली तरी.

कराचा विषय थोडक्यात सांगतो, पण तो वगळता येणार नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईतले 5 लाख रुपये करमुक्त असतात, परंतु योजना प्राप्तिकर नियमांतल्या अटींप्रमाणे आखलेली असेल तरच. कर्मचाऱ्याचे वय किमान 40 किंवा सेवा किमान 10 वर्षे हवी, संचालक सोडून सर्व प्रकारच्या कर्मचाऱ्यांना योजना खुली हवी, एकूण संख्या खरोखर घटली पाहिजे आणि रिकामे पद पुन्हा भरता कामा नये. निवडक विभागातल्या निवडक लोकांना पाठवलेली पत्रे या अटींत बसतातच असे नाही, त्यामुळे योजना अटींत बसते का हे कंपनीकडून लेखी घ्यावे. दुसरे, बाहेर पडण्याची तारीख. आर्थिक वर्षाच्या शेवटी, आधीच दहा-अकरा महिन्यांचा पगार जमा झालेला असताना ही रक्कम आली, तर करपात्र भागावर 20 ते 25 टक्के कर लागू शकतो. तीच तारीख एप्रिलमध्ये गेली आणि नवी नोकरी लगेच लागली नाही, तर कर कितीतरी कमी होतो. पाच-सहा आठवड्यांचा हा फरक कंपनीला जवळजवळ काही खर्चाचा नसतो. मागितला तर बहुधा मिळतो. पण तो मागायचा असतो हे ठाऊक असायला हवे.

आरोग्यविम्याचे याहून गंभीर आहे. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी थांबावा लागणारा काळ) धरला जातो, पण त्यासाठी नोकरी सुटण्याआधी हालचाल करावी लागते. ज्याच्या घरी मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे माणूस आहे त्याच्यासाठी ही बाब एखाद्या लाखापेक्षा मोठी आहे. चार दिवसांच्या मुदतीत विम्याचा अर्जसुद्धा नीट भरून होत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हलकी लेखत नाही. सही न करण्याचीही किंमत असते. ज्याचे काम खरोखर संपले आहे, ज्याचा प्रकल्प दुसऱ्या देशात गेला आहे किंवा जे काम आता यंत्र करते, त्याने नकार दिला तरी पद राहत नाही. सहा महिन्यांनी येणारे पत्र बहुधा आधीपेक्षा वाईट असते, आणि मधले सहा महिने माणूस रोज कार्यालयात जाऊन काहीच काम नसताना बसतो, त्याचे नाव कामगिरी सुधारणा कार्यक्रमात येते, त्याचा आत्मविश्वास झिजतो. शिवाय पुण्याच्या नोकरीच्या बाजारात स्वच्छ रिलीव्हिंग लेटर आणि पार्श्वभूमी तपासणीत आलेला "राजीनामा" हा शब्द यांची किंमत आहे. चाळीस वर्षांच्या माणसाने सोसायटीत, सासरी, मुलांच्या शाळेत "मी राजीनामा दिला" असे म्हणणे आणि "मला काढले" असे म्हणणे यातला फरक पैशांत मोजता येत नाही, पण तो खरा आहे, आणि तो खरा असण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. म्हणून कायद्याने कामगार ठरण्याची शक्यता कमी असलेल्या, काम संपत आलेल्या, आणि करानंतरची रक्कम वर्षभर पुरेल अशा माणसाने होकार द्यावा, असेच मी सांगेन. स्वेच्छानिवृत्तीला माझा विरोध नाही. सक्तीच्या कपातीपेक्षा ती अधिक मानाची वाट असू शकते. ती तशी असावी, एवढेच माझे मागणे आहे.

त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ देणे अशक्य नाही हे दुसऱ्या देशाच्या कायद्यातून दिसते. अमेरिकेत 1990 च्या एका कायद्याने चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांसाठी हे ठरवून दिले आहे. सामूहिक योजनेत त्यांनी वयावरून झालेल्या भेदभावाचा दावा सोडून द्यावा असे कंपनीला हवे असेल, तर तिला त्यांना विचार करायला किमान 45 दिवस द्यावे लागतात, सही केल्यानंतरही ती 7 दिवसांत मागे घेता येते, वकिलाचा सल्ला घ्या असे लेखी सांगावे लागते, आणि कोणत्या पदांवरच्या, कोणत्या वयाच्या लोकांना निवडले आणि कोणाला वगळले याची यादी द्यावी लागते. ज्या देशात मालकाला कर्मचारी काढण्याचे स्वातंत्र्य आपल्याहून कितीतरी जास्त आहे, तिथे सही मात्र घाईने घेता येत नाही. हिंजवडीतल्या अनेक कंपन्यांची मुख्यालये त्याच देशात आहेत. तिथल्या अशा कर्मचाऱ्यांना त्या 45 दिवस देतात. पुण्यातल्या माणसाचा विचार चार दिवसांत पूर्ण होतो असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही.

आपल्याकडे याचा पायाही न्यायालयाने घालून ठेवला आहे. बँकांच्या त्याच योजनेवरून आलेल्या बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या खटल्यात 2002 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्वेच्छानिवृत्ती योजना म्हणजे निव्वळ आमंत्रण असते. प्रस्ताव कर्मचाऱ्याचा असतो, आणि "अर्ज मागे घेता येणार नाही" असे योजनेत लिहिलेले असले तरी तो स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो. ज्याने मात्र योजनेचे लाभ घेतले त्याला परतीची वाट नाही. हे तत्त्व आहे, पण ते वकिलाकडे जाणाऱ्यालाच कळते. राज्य सरकारने ते साध्या नियमात उतरवायला हवे. कोणतीही स्वेच्छानिवृत्तीची किंवा स्वेच्छेने नोकरी सोडण्याची योजना किमान 30 दिवस खुली असावी. सहीनंतर 7 दिवस मागे येण्याची मुभा असावी. प्रत्येक पत्रासोबत रकमेची फोड द्यावी, कायद्याने किमान किती देय आहे आणि त्याहून जास्त किती हे दोन वेगळ्या ओळींत लिहावे. किती पदे कमी होणार आणि ती कशी निवडली हे त्याच पत्रात सांगावे. आणि ज्या राजीनाम्यामागे अशी मुदत आणि असे पत्र नाही, पण जो सामूहिक कपातीच्या काळात घेतला गेला आहे, तो स्वेच्छेचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बंद दाराआड काय झाले याचा पुरावा एकट्या कर्मचाऱ्याने आणावा ही आजची अपेक्षाच अन्याय्य आहे.

कंपन्यांचा आक्षेप असा असतो की महिनाभर मुदत दिली तर अफवा पसरतात, ग्राहक अस्वस्थ होतात आणि जी माणसे ठेवायची आहेत तीच आधी निघून जातात. यातले अफवांचे म्हणणे मला पटत नाही. चार दिवसांच्या मुदतीनेही कार्यालयातल्या प्रत्येक चहाच्या टेबलावर तोच विषय असतो, फक्त माहितीशिवाय. चांगली माणसे जातात हे मात्र खरे आहे. पण कोणाचा अर्ज स्वीकारायचा हा अधिकार योजनेत कंपनीकडेच असतो, त्यामुळे हा धोका तिच्या हातातला आहे. महिन्याभराच्या पगाराचा खर्च होतो, हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्यावर माझे उत्तर असे की ज्याची 14 वर्षे कंपनीने घेतली त्याला विचार करायला 30 दिवस देणे हा खर्च त्या पदाच्या किमतीत धरलेला असावा.

पुतण्याने सोमवारी सकाळी कंपनीला ईमेल पाठवला. त्यात त्याने होकारही दिला नाही आणि नकारही नाही. रकमेची फोड मागितली, ग्रॅच्युइटी कोणत्या वेतनावर मांडली ते विचारले, योजना प्राप्तिकराच्या अटींत बसते का हे लेखी मागितले, शेवटचा दिवस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवण्याची आणि विमा जूनअखेरपर्यंत चालू ठेवण्याची विनंती केली, आणि या उत्तरांनंतर निर्णयासाठी तीन आठवडे मागितले. पाच वाजण्याच्या आत त्याला फोन आला की मुदत दहा दिवसांनी वाढवली आहे. ग्रॅच्युइटीचा आकडा दुरुस्त झाला, एप्रिलची तारीख मिळाली, विमा मिळाला नाही. त्याचा प्रकल्प खरोखरच बंद होत होता, म्हणून दहाव्या दिवशी त्याने सही केली. त्याच्याच रांगेत बसणाऱ्या सात जणांनी पहिल्या सोमवारीच सही केली होती, आणि त्यांच्या पत्रातली ग्रॅच्युइटी जुन्याच आकड्यावर राहिली. त्या सातांपैकी तिघांसाठी मी गेल्या आठवड्यात ग्रॅच्युइटीच्या फरकाचे अर्ज लिहून दिले.